आजारी माणसाला आपण 'हलकं' म्हणता म्हणता उपाशी तर ठेवत नाही ना?

केतकीचं_बन | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला आज बरोबर महिना झाला. वय ७४. चिपळूणला अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला. ऑपरेशन चांगलं झालं, नवव्या दिवशी घरी आणलं आणि आई, आत्या, मी अशा तिघी त्यांच्या खाण्यापिण्याच्या मागे लागलो.

सकाळी पेज. मधल्या वेळी शहाळं. दुपारी मऊ भात आणि वरणावरचं पाणी, कारण डाळ जड. चारला चहा आणि बिस्किटं. सहाला साबुदाण्याची खीर. रात्री मुगाची खिचडी, तीही चार घास. दही बंद, कफ होतो. शेंगदाणे बंद, पित्त होतं. तुरीची डाळ बंद, टाक्यांत पू धरतो. वांगं, बटाटा, हरभरा वातूळ म्हणून बंद. प्रत्येक वस्तू कुणीतरी प्रेमानेच बंद केली होती. तिच्या जागी काय द्यायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात तपासणीला नेलं तेव्हा वजन केलं. ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर ६१ किलो होतं, आता साडेचोपन्न. माकडहाडाजवळ लाल चट्टा. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काकांच्या मनात आहे हो, पण पाय उचलायला मांडीत काही उरलंच नाही." डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी काय देता असं विचारलंच नाही. "काल दिवसभरात प्रत्यक्ष पोटात किती गेलं ते लिहा," म्हणाल्या, आणि कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, त्यांनी शेजारी आकडे मांडले. बेरीज आली २२ ग्रॅम प्रथिनं. लागत होती साधारण ७०.

तो कागद फ्रिजवर लावलाय. येता-जाता दिसतो आणि पोटात कालवतं.

मला तीन गोष्टी हव्यात. तुमच्या घरात आजारपणात नेमकं काय उपयोगी पडलं? आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, मग हे ७० ग्रॅम आणायचे कुठून? आणि समोर वाढलं तरी "नको, भूक नाही" म्हणून तोंड फिरवणाऱ्या माणसाचं काय करायचं?

---

सुलभाकाकू | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

केतकी, आधी मन खाणं थांबव. तुम्ही तिघींनी जे केलं तेच माझ्या सासूबाईंनी केलं आणि तेच मीही केलं. डाळीचं पाणी म्हणजे डाळीतला सगळा कस, अशीच आमची समजूत होती. कस तर खाली पातेल्यात बसलेला असायचा आणि तो घरातली धडधाकट माणसं खायची.

पेज बंद करू नकोस. पेजेने आजारी माणसाला आपलं वाटतं. फक्त ती एकटी देऊ नकोस. मऊ भातात दोन मोठे चमचे मेतकूट आणि वरून तूप घाल. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, भाजलेली असल्यामुळे त्रास होत नाही. आणि वरण घोटून दे, निवळून नको.

---

बंड्या_पेठेतला | १२ ऑगस्ट, रात्री ११:३२

वाचतोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मावशीने तिला आठ दिवस वरण खाऊ दिलं नव्हतं. डोळ्याचा आणि वरणाचा काय संबंध ते आजवर कळलेलं नाही.

---

फॅमिली_डॉक्टर | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

टाक्यांत पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे नाही. जखम भरायला शरीराला प्रथिनंच लागतात आणि ती पानात नसली की शरीर ती स्वतःच्या स्नायूंमधून काढतं. केतकीताईंच्या बाबांची मांडी तशीच गेली. धडधाकट म्हाताऱ्या माणसांनाही दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं तर पायांचे स्नायू मोजून कमी झालेले दिसतात. इथे तर ऑपरेशनही झालंय.

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. आजारी किंवा जखमी वृद्धाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. आजारपणात गरज वाढते, आणि आपण नेमकं तेव्हाच ताट लहान करतो.

एक ताकीद मात्र देऊन ठेवतो. हे माप मूत्रपिंडं धड असलेल्यांसाठी आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर स्वतःच्या मनाने डाळी-पनीर वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. धागा वाचून कुणी भलत्याच माणसाला सत्तर ग्रॅम चारायला नको.

---

मंदाकिनी_सिस्टर | १३ ऑगस्ट, दुपारी २:२०

मी सव्वीस वर्षं वॉर्डात काढली. केतकीताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण "पेशंट खात नाही" हे वाक्य मी रोज ऐकलंय आणि निम्म्या वेळा ते खरं नसायचं.

एक आजोबा होते. तीन दिवस ताट जसंच्या तसं परत. सून म्हणे, हट्टी आहेत. मी उशाजवळचा ड्रॉवर उघडला. कवळी डबीत, पाणी वाळून गेलेलं. ऑपरेशनला नेताना काढली ती परत कुणी घातलीच नव्हती. धुऊन घातली, पलंगाची पाठ वर केली, चष्मा दिला, ताट छातीच्या उंचीवर आणलं. आजोबांनी पोळी खाल्ली. वरून म्हणाले, "आज भाजी बरी दिसतेय." त्याआधी त्यांना ती दिसतच नव्हती.

तेव्हा तोंड फिरवलं की आधी हे बघा. कवळी आहे का, आणि वजन उतरल्यावर ती सैल तर झाली नाही ना? जीभ पांढरी आहे का, तोंड आलंय का? पोट चार दिवसांत साफ झालंय का? दुखतंय का? दुखत असेल तर गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ताट न्या. आणि संडासला कुणाला तरी हाक मारावी लागते म्हणून मुद्दाम कमी खाणारी माणसं खूप असतात. विशेषतः बायका. त्या बोलून दाखवत नाहीत, नुसतं "भूक नाही" म्हणतात.

मोठं ताट बघूनच आजारी माणसाचं मन मोडतं. लहान वाटीत द्या, दर दोन-अडीच तासांनी द्या. सकाळी भूक जास्त असते, चांगली वस्तू तेव्हा द्या. पाणी, चहा, सूप जेवणाच्या अगदी आधी देऊ नका, पोट त्यानेच भरतं.

---

पथ्यापथ्य | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४८

धाग्याचा सूर पथ्याच्या विरोधात चाललाय म्हणून लिहितो. ज्वरात भूक नसताना बळेच खायला घालू नये हे आपल्या आजीला कळत होतं आणि ते बरोबरच होतं. अग्नी मंद असताना पनीर कोंबून उपयोग नाही. हलक्या आहाराला इतक्या सहज मोडीत काढू नका.

---

केतकीचं_बन | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

सिस्टर, तुमचं वाचून उठले आणि ड्रॉवर बघितला. कवळी डबीतच होती. पेज प्यायला कवळी कशाला लागते, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाबांनी स्वतःही मागितली नाही.

---

फॅमिली_डॉक्टर | १३ ऑगस्ट, रात्री १०:०२

@पथ्यापथ्य, भर तापात एक-दोन दिवस कमी खाल्लं तर कुणाचं बिघडत नाही, पाणी पोटात गेलं म्हणजे झालं. इथे महिना झालाय. आणि आयुर्वेदातला शोधनानंतरचा संसर्जन क्रम, म्हणजे पंचकर्मानंतर माणसाला पायरीपायरीने जेवणावर आणायची रीत, तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक असेल. त्यात आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, मग मुगाचं यूष, मग मांसरस. सात दिवसांत माणूस नेहमीच्या जेवणावर. पेज ही पहिली पायरी आहे. आपण त्याच पायरीवर माणसाला बसवून ठेवतो.

---

पथ्यापथ्य | १३ ऑगस्ट, रात्री १०:४०

हे मान्य. यूष म्हणजे मुगाचं कढण, आणि तेही मूग घोटून. पेयेपाशी थांबा असं कुठेच म्हटलेलं नाही. माझा आक्षेप बळजबरीला होता, तो कायम.

---

अबोली_नागपूर | १४ ऑगस्ट, सकाळी ११:१०

डॉक्टरसाहेबांनी मूत्रपिंडाची ताकीद दिली त्याबद्दल आभार, कारण वरच्या यादीतलं शहाळं आमच्या घरात एकदा जिवावर बेतलं होतं.

यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, पाचवं वर्ष. सुरुवातीला एक नातेवाईक भेटायला आले, उन्हाळा होता, दोन शहाळी फोडून दिली. रात्री यांचे पाय लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधड. पोटॅशियम वाढलं होतं. ज्याची मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत त्याला शहाळं, केळी, संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार हे सगळं जपून. आणि ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून आम्ही तेच आणून ठेवलं होतं.

आमच्याकडे भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी फेकून देते, मग फोडणी घालते. चव कमी होते, पण लिंबू-जिऱ्याने भागवतो. पाण्याची बाटली सकाळी मोजून भरते. दिवसभराचं पाणी, चहा, वरण, ताक सगळं त्या हिशेबात. तहान भागत नाही तेव्हा बर्फाचा खडा चघळतात. प्रथिनांचं मात्र उलटं झालं. डायलिसिस सुरू होण्याआधी कमी खा म्हणत होते, सुरू झाल्यावर वाढवा म्हणाले, कारण डायलिसिसमध्ये थोडी निघून जातात. हे कुणी नीट समजावलं नाही म्हणून पहिले आठ महिने आम्ही जुनंच पथ्य पाळत राहिलो आणि यांचं अंग झडलं.

---

बंड्या_पेठेतला | १४ ऑगस्ट, सकाळी ११:२५

बापरे. मी तर दवाखान्यात कुणालाही भेटायला जाताना शहाळंच नेतो. आता काय न्यायचं?

---

सुलभाकाकू | १४ ऑगस्ट, दुपारी १२:०५

बंड्या, आधी फोन करून विचार. बहुतेकांना पाव किलो फुटाणे आणि तास-दोन तास बसायला माणूस हवा असतो. तू बसलास की घरची बाई अंघोळ करून येते.

---

मांडवीकाठ | १४ ऑगस्ट, दुपारी १:३०

आमच्या गोव्यात आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला मुडदुशे देतात. काटा कमी, पचायला सोपी, मऊ शितांबरोबर नुसत्या हळद-मिठाचं सार. आजीला पुस्तकी काही ठाऊक नव्हतं, पण पेजेच्या बशीत तिने मासळी ठेवलीच.

अबोलीताई, त्या यादीत करमलंही घाला. आंबटगोड, चिरल्यावर चांदणीसारखी फोड निघते ते फळ. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते विषासारखं आहे, उचकी लागते, भ्रम होतो, फिट येऊ शकते. आमच्याकडे परसात झाड असतं म्हणून सहज दिलं जातं.

---

रात्रपाळी | १५ ऑगस्ट, रात्री १:५०

आईला नाकातली नळी आहे, आठ महिने झाले. अर्धांगवायू. आत्ता एकचा फीड देऊन बसलोय म्हणून लिहितो.

सुरुवातीला सगळं मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडातून गाळायचो, नळी तुंबेल म्हणून. जो चोथा कापडात राहायचा तो केराच्या डब्यात. दीड महिन्यात आईच्या हाताच्या काड्या झाल्या. घरी येणाऱ्या नर्सताईंनी एकदा ते कापड माझ्यासमोर उलगडलं आणि म्हणाल्या, "दादा, आईचं जेवण हे इथे आहे." त्या ओल्या पिवळ्या गोळ्यात सगळी डाळ होती.

आता डाळ-तांदूळ-गाजर कुकरला चार शिट्ट्या जास्त, मिक्सर दोनदा, मग बारीक स्टीलच्या गाळणीतून. तेल एक चमचा. दुधात दुधाची पावडर. एका वेळी दोनशे-अडीचशे मिली. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, खांद्याच्या उंचीवर धरायची, आपोआप उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. अर्धा तास हात वर ठेवून उभं राहावं लागतं, मी तेवढ्यात तिला दिवसभरातल्या गोष्टी सांगतो.

फीडच्या आधी नाकाजवळची नळीवरची खूण बघायची. ती सरकलेली दिसली किंवा आई खोकत असली तर काहीही घालायचं नाही, आधी फोन. डोकं निदान तीस अंश वर, आणि फीड झाल्यावर तासभर तसंच. आधी आणि नंतर साधं पाणी, नाहीतर नळी आतून चिकटते. गोळ्या वेगळ्या कुटायच्या, पण सगळ्याच कुटायच्या नसतात. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम पोटात जातं. औषधवाल्याला विचारून घ्या.

---

मंदाकिनी_सिस्टर | १५ ऑगस्ट, सकाळी ६:१५

रात्रपाळी, तुम्ही फार नीट करताय. त्याला जोडून एक. अर्धांगवायूचा पेशंट नळीविना तोंडाने खात असेल तर पातळ पदार्थ सोपे असं समजू नका. पाणी, चहा, पातळ पेज घशात झरकन उतरते आणि श्वासनलिकेत जाते. दाट, एकजीव पदार्थ सांभाळायला सोपा. चहात बुडवलेलं बिस्किट तर सगळ्यात फसवं, अर्धं घट्ट अर्धं पाणी. घास गिळल्यावर आवाज ओला, घरघरता आला, जेवताना खोकला सुरू झाला की थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. हनुवटी खाली, पाठ सरळ, घास लहान. पुढचा घास आधीचा गिळल्यावरच.

---

टोरांटोची_थंडी | १५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

इथे आईला गिळायला त्रास होता तेव्हा पाण्यात घालायची दाटपणाची पूड दिली होती. तपासणी चोख, पण जेवण तिच्या तोंडाला लागेना. शेवटी नर्सला विचारून, त्यांनी सांगितलेल्या दाटपणाला घोटलेलं साधं वरण घरून डब्यात नेलं. झाकण उघडल्यावर हिंगाचा वास आला आणि आई रडली. मग जेवली.

---

सह्याद्रीवारा | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

केमोचा वेगळाच खेळ. धाकट्या भावासाठी सहा महिने परळला येऊन-जाऊन होतो. टाटाच्या आसपास असे किती डबे फिरताना दिसतात, सांगली, जळगाव, बिहार, सगळीकडची माणसं.

त्याला प्रत्येक घास पत्र्यासारखा लागायचा. स्टीलचा चमचा काढून लाकडी दिला, थोडा फरक पडला. गरम अन्नाचा वास सहन व्हायचा नाही, फोडणी पडली की ओकारी. मग स्वयंपाक त्याच्या खोलीपासून लांब आणि जेवण कोमट किंवा गार. ताज्या दह्यातला भात, थंड केलेली खीर, आंब्याची फोड. तोंड आलं तेव्हा तिखट-आंबट बंद, मऊ शिरा, दूध. आवडता पदार्थ केमोच्या दिवशी देऊ नका. उलटीशी त्याची सांगड बसते आणि तो कायमचा सुटतो. आमच्या भावाचा श्रीखंडाचा असा घात झाला.

पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना बाहेरचा रस, चिरून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर नाही. ताजं, पूर्ण शिजलेलं. आणि शेजारीपाजारी कुणी साखर बंद, दूध बंद, नुसत्या रसावर राहा असं सांगायला आले की नम्रपणे चहा देऊन पाठवा. आमच्याकडे एक गृहस्थ रोज गव्हांकुराचा रस आणायचे. डॉक्टर म्हणाले, वजन टिकलं तरच पुढचा डोस पूर्ण देता येईल. त्या दिवसापासून भाऊ वजनकाट्यासाठी जेवायचा.

---

निशिगंध | १५ ऑगस्ट, सकाळी ८:५५

कावीळ झालेल्याला हळद आणि तेल-तूप बंद करतात, ते बरोबर का? आणि उसाचा रस?

---

फॅमिली_डॉक्टर | १५ ऑगस्ट, सकाळी ९:२०

हळद पिवळी म्हणून बंद, एवढंच त्यामागे आहे. साध्या विषाणूच्या काविळीत मळमळ असेल तर तळकट नको वाटतं, तेव्हा नका देऊ. पण तेल-तूप पूर्ण बंद करायचं कारण नाही. दारू मात्र पूर्ण बंद, आणि कुठलंही औषध, अगदी पॅरासिटॅमॉलसुद्धा, विचारल्याशिवाय नाही. उसाचा रस औषध नाही. हातगाडीवरचा बर्फ-पाण्याचा रस असेल तर त्यातूनच कावीळ व्हायची शक्यता.

मधुमेहाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. इन्सुलिन घेणारा माणूस आजारपणात निम्मं जेवतो आणि घरचे नेहमीचा डोस देतात, हे मी अनेकदा बघितलंय. रात्री घाम फुटतो, माणूस बरळतो, घरच्यांना वाटतं अशक्तपणा. साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आणि जेवण कमी झालं की डोसबद्दल त्याच दिवशी फोन करा.

---

सातपुडा | १५ ऑगस्ट, दुपारी ४:००

मी टीबीच्या कामात आहे, नंदुरबारकडे. इथे प्रश्न पथ्याचा नाही, घरात धान्य किती आहे त्याचा आहे.

झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. टीबीच्या रुग्णाला दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला आणि काही घरांत कुटुंबालाही दिला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण खूपच कमी दिसलं. गोळ्या त्याच होत्या.

सरकार निक्षय पोषण योजनेत पूर्वी महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. पैसे खात्यात येतात, पण बरेचदा घरातली बाई रुग्ण असेल तर तिच्या ताटापर्यंत पोचत नाहीत. मी घरी गेलो की आधी विचारतो, मावशी, तुम्ही कधी जेवता? उत्तर ठरलेलं, सगळ्यांचं झाल्यावर. तिच्यासाठी डाळीची एक वाटी आधी काढून झाकून ठेवायची, एवढंच नवऱ्याकडून कबूल करून घेतो. कधी होतं, कधी होत नाही.

---

बंड्या_पेठेतला | १५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

दादा, हे वाचून गप्प झालो.

---

मापटं | १६ ऑगस्ट, सकाळी ९:५०

मी आहारतज्ज्ञ आहे. केतकीताईंचा दुसरा प्रश्न मध्येच राहिला, अंड्याविना ७० ग्रॅम. घरातल्या वस्तूंत होतं.

अर्धा लिटर दूध दिवसभरात, दही धरून, सोळा ग्रॅम. त्या दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर, दोन मोठे चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, त्याचे दहा. साठ ग्रॅम कच्ची डाळ दोन वेळांत, घोटून, चौदा. पन्नास ग्रॅम पनीर किसून खिचडीत नाहीतर पोळीच्या सारणात, नऊ. फुटाण्याचं पीठ तीस ग्रॅम, ताकात किंवा गूळ-दुधात कालवून, सहा. दाण्याचं कूट वीस ग्रॅम भाजीत, पाच. उरलेले तांदूळ, पोळी, नाचणी यांतून येतात. नाचणीत कॅल्शियमही भरपूर, हाड जोडायचंय तेव्हा ती हवीच. साबुदाण्यात मात्र जवळजवळ नुसतं पिष्ट असतं. खीरच हवी तर शेवयांची करा आणि दूध दाट ठेवा.

महागड्या डब्यांतल्या पावडरी वाईट नसतात, कधी कधी लागतातच. पण पुष्कळ घरी तो डबा आणला की सगळे निर्धास्त होतात आणि ताटाकडे बघणं थांबतं. डब्यातला एक चमचा पाण्यात ढवळून दिला की तेवढंच दिलं जातं.

एकदम सत्तरवर जाऊ नका. महिनाभर कमी खाल्लेल्या पोटाला एक-दीड आठवडा द्या. बरेच दिवस जवळजवळ उपाशीच असलेल्या माणसाचं तर दवाखान्यातच, रक्ततपासणी करत हळूहळू वाढवावं लागतं. घाईने खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव धोक्यात येतो. आणि दर सोमवारी सकाळी त्याच काट्यावर वजन, कॅलेंडरवर लिहा.

---

सुलभाकाकू | १६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मापटं, हे पाठ करून ठेवावं असं आहे. मी वहीत उतरवलं.

---

केतकीचं_बन | ६ सप्टेंबर, रात्री ९:१५

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी. तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही या घरात वापरलं गेलंय.

कवळी सैलच झाली होती, दंतवैद्यांनी घरी येऊन बसवून दिली. पलंगाला टेकून बसवतो, जेवताना आई समोर बसते. पहिल्या आठवड्यात नुसती डाळ घोटली आणि दुधात पावडर सुरू केली. आत्याचा तुरीच्या डाळीला विरोध होता. तिला डॉक्टरांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. "बरं, मग मुगाची घाल" एवढ्यावर तडजोड झाली आणि आता मुगाचीच घालतो, वाद नको. पनीर बाबांना आवडलं नाही. फुटाण्याचं पीठ ताकात, जिरं-मीठ घालून, ते मात्र स्वतः मागतात. ६० पर्यंत पोचलोय, ७० नाही.

वजन ५५.८. चट्टा फिका झालाय, गादीही बदलली. काल वॉकर धरून ओसरीपर्यंत आले.

परवा म्हणाले, "मला पिठलं कर, झणझणीत." आईने लसणीची फोडणी दिली, तिखट थोडंसंच घातलं, भाकरी कुस्करली. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." आई आत जाऊन ओट्यापाशी उभी राहून रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी जेवणाला नाव ठेवलं होतं.

---

मापटं | ६ सप्टेंबर, रात्री ९:४०

पिठलं म्हणजे बेसन. हिशेबात धरा.

---

मंदाकिनी_सिस्टर | ६ सप्टेंबर, रात्री १०:१०

भाकरी कवळी घालून खाल्ली ना?

---

केतकीचं_बन | ६ सप्टेंबर, रात्री १०:१२

हो सिस्टर. मीच धुऊन दिली.